बागेला नाव दिलं, पण माणूस कोण ते पण लिहा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

सध्या लेकीकडे न्यूयॉर्कला, ब्रुकलिनमधे आलेय. इकडे येणारे आपल्यातले बरेच आईबाबा ब्रुकलिन म्युझियम आणि शेजारचं बोटॅनिक गार्डन बघून जातात, पण म्युझियमच्या समोर एक चिमुकली बाग आहे, डॉ. रोनाल्ड मॅकनेअर पार्क, तिकडे कोणी फिरकत नाही म्हणून हे पत्र. बाग म्हणजे काय, बाकं, झाडं, कुत्री फिरवणारी माणसं, बास. पण आत लाल ग्रॅनाइटचं स्मारक आहे, १९९४ चं, ओगुंडिपे फायोमी यांनी केलेलं, आणि त्यावर ब्राँझमधे अंतराळवीर मॅकनेअर. २८ जानेवारी १९८६ ला अमेरिकेचं चॅलेंजर अंतराळयान उड्डाणानंतर लगेच फुटलं, त्यात गेलेल्या सात जणांपैकी एक. थंडीने बूस्टरच्या, म्हणजे यानाला वर ढकलणाऱ्या रॉकेटच्या, सांध्यातली रबरी रिंग कडक झाली, गरम वायू बाहेर आला आणि ७३ सेकंदात खेळ संपला.

मला मात्र त्यांच्या लहानपणचीच गोष्ट जास्त आवडते, त्यांच्या भावाने सांगितलेली. साउथ कॅरोलायनातलं लेक सिटी गाव, १९५९ साल, नऊ वर्षांचा पोरगा एकटा लायब्ररीत गेला आणि विज्ञानाची, कॅल्क्युलसची पुस्तकं मागायला लागला. बाई म्हणाल्या काळ्यांना पुस्तकं देत नाही. हा हलेचना, काउंटरवर बसून राहिला, मग पोलीस आले, आई आली, आणि पोलीसच म्हणाले अहो देऊन टाका की. मिळाली पुस्तकं! पुढे अमेरिकेतल्या एमआयटी विद्यापीठातून लेझरवर पीएचडी, कराटेत ब्लॅक बेल्ट, १९८४ ला पहिल्यांदा अंतराळात गेले तर सॅक्सोफोन घेऊन गेले आणि वाजवलाही. आता त्या जुन्या लायब्ररीच्या इमारतीत त्यांचंच म्युझियम आहे, त्या बाईंना काय वाटलं असतं कोण जाणे.

गंमत म्हणजे मॅकनेअर ब्रुकलिनचे नव्हेतच. पण आजूबाजूला काळ्या लोकांची जुनी वस्ती, त्यांना हा आपलाच वाटला असणार. आपल्या कल्पना चावलाचं नाव नाही का न्यूयॉर्कमधल्याच जॅक्सन हाइट्सच्या ७४ व्या रस्त्याला दिलंय, तिथे आपण डाळी-मसाले आणायला जातो.

आता आपल्याकडचं बघा. आमच्या भागातल्या उद्यानाच्या पाटीवर उद्घाटक कोण, प्रमुख पाहुणे कोण, कोणाच्या निधीतून, सगळं ठळक अक्षरात. ज्याच्या नावाचं उद्यान तो कोण होता, त्याने काय केलं, यावर एक ओळ नाही. नातवंडं विचारतात आजी हे कोण, तर काय सांगायचं? खर्च किती येतो हो दोन ओळी जास्त कोरायला?

आपल्या पेपरने वाचकांकडून अशा पाट्यांचे फोटो मागवावेत आणि शेजारी त्या त्या माणसाची चार ओळींची माहिती छापावी. परत आले की पहिला फोटो मीच पाठवते.

आपली एक वाचक
(मुक्काम सध्या ब्रुकलिन)