आधी वासराला, मग खरवसाला

महोदय,

आमच्या मोहोळ भागात अजूनही गाय व्यायल्यावर जार (वार) पडेपर्यंत तिचा चीक, म्हणजे पहिलं घट्ट दूध, काढत नाहीत. जार पडायला कधी आठ तास लागतात. तोवर कास ताठलेली आणि वासरू दावणीचा दोर चोखत उभं. पोटात असताना वासराला रोगप्रतिकारशक्ती मिळतच नाही, ती चिकातून येते आणि ती शोषायची आतड्याची ताकद 24 तासांत संपते. तीस किलोच्या वासराला पहिल्या दोन तासांत दीड-दोन लिटर चीक हवाच. (शेजारी खरवस गेला नाही म्हणून कोणी रुसलं, तर रुसू दे!) नाहीतर कालवड हगवणीने जाते, जगली तरी उशिरा गाभण राहते, पहिल्या वेताला दूधही कमी देते. दूध संकलन केंद्रांनी दरफलकाशेजारी एवढं लिहून लावावं.

एक दूध उत्पादक,
ता. मोहोळ, जि. सोलापूर