लेन्सला पाणी नको, फिल्टरचेसुद्धा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

नवरात्र आणि लग्नसराई जवळ आली की पुरवण्यांतून रंगीत कॉन्टॅक्ट लेन्सविषयी सल्ले छापून येतात. लेन्स घालून झोपू नका, मैत्रिणीची लेन्स वापरू नका, हे त्यांत असते. पाण्याचा विषय सहसा निघत नाही, निघालाच तर हात धुण्यापुरता. लेन्स वापरणाऱ्यांना होणाऱ्या संसर्गांतला सर्वांत चिवट संसर्ग मात्र पाण्याच्याच वाटेने येतो.

अकँथामीबा हा एकपेशीय जीव नळ, बोअर, गच्चीवरची टाकी, तरणतलाव, माती, धूळ असा सगळीकडे असतो. पोटात गेला तर बहुधा काहीच करत नाही, म्हणून पिण्याचे पाणी लेन्सलाही चालेल असे लोकांना वाटते. परिस्थिती प्रतिकूल झाली की हा जीव दुहेरी भिंतीचे कवच करून पडून राहतो. नळाच्या पाण्यात क्लोरीन लिटरमागे किमान ०.२ मिलिग्रॅम उरलेले असावे, असे आपले मानक सांगते. हे कवच त्याच्या कितीतरी पट क्लोरीन सोसते, आणि सुकले तरी वर्षानुवर्षे टिकते. फिल्टरचे पाणीही निर्जंतुक नसते. गाळून झाल्यावर ते ज्या टाकीत साठते आणि ज्या तोटीतून येते, तिथे बुळबुळीत थर धरतोच. उकळून गार केलेले पाणीही कामाचे नाही. त्यात लेन्सपुरता क्षार नसल्याने मऊ लेन्स फुगते, बुबुळाला घट्ट धरते आणि काढताना वरचा थर ओरखडतो. अमीबाला आत शिरायला तेवढा ओरखडा पुरतो.

खरा कारखाना लेन्सच्या डबीत चालतो. डबीच्या कडेला बोट फिरवून पाहा, बुळबुळीत लागले तर तो जिवाणूंचा थर आहे. अमीबा त्यावरच पोसतो. काल रात्रीच्या सोल्यूशनवर (लेन्स धुऊन बुडवून ठेवायच्या जंतुनाशक द्रावणावर) आज थोडे नवे ओतायचे, ही काटकसर आपल्याकडे सर्रास चालते. त्याने औषध पातळ होते आणि थर तसाच राहतो.

बाटलीवर 'मल्टिपर्पज' छापलेले असते, त्याचा अर्थही नीट समजून घ्यायला हवा. अशा सोल्यूशनची मूळ आंतरराष्ट्रीय चाचणी तीन जिवाणू आणि दोन बुरशींवर होते, अमीबा त्यात नाही. पीएचएमबी हे जंतुनाशक रसायन अनेक सोल्यूशनमध्ये ०.०००१ टक्का असते. अमीबाचा संसर्ग झाल्यावर डोळ्यात घालायच्या थेंबांत हेच रसायन ०.०२ टक्के, म्हणजे दोनशे पट असते, आणि तरीही उपचाराला महिनोन्‌महिने लागतात. २००७ साली अमेरिकेत अशा संसर्गाचे रुग्ण वाढल्याचे लक्षात आले, तपासात 'कम्प्लीट मॉइश्चरप्लस' या सोल्यूशनशी संबंध दिसला आणि कंपनीने ते परत घेतले. रुग्णसंख्या त्यानंतरही पूर्वीइतकी खाली आली नाही. दोष एकाच बाटलीत नव्हता. त्याआधी, १९८० च्या दशकात, तिथे मिठाच्या गोळ्या डिस्टिल्ड पाण्यात विरघळवून घरीच सलाइन करणाऱ्यांमध्ये हा आजार दिसला होता. सलाइन, मग ते विकतचे का असेना, धुण्यापुरते असते, त्याने जंतू मरत नाहीत.

रोजची पद्धत अशी हवी. साबणाने हात धुवा आणि लेन्सला हात लावण्याआधी ते पूर्ण कोरडे करा. धागे न सुटणारा स्वच्छ रुमाल घ्या. सगळ्यात जास्त चूक इथेच होते, कारण ओल्या बोटाच्या टोकावरचा थेंब थेट लेन्सवर जातो. लेन्स तळहातावर ठेवून ताज्या सोल्यूशनचे थेंब टाका, दोन्ही बाजूंनी वीसेक सेकंद हलके चोळा, मग पाचेक सेकंद सोल्यूशनचीच धार सोडा. बाटलीवर चोळण्याची गरज नाही असे लिहिले असले तरी चोळाच. कोरड्या डबीत नवे सोल्यूशन भरून बाटलीवर दिलेला वेळ, बहुधा चार ते सहा तास, लेन्स बुडवून ठेवा. सकाळी डबीतले सोल्यूशन ओतून टाका, डबी सोल्यूशननेच विसळा, कोऱ्या टिश्यूने पुसा आणि झाकणे उघडी ठेवून पालथी वाळवा. बेसिनजवळ किंवा संडास-बाथरूममध्ये नको. डबी तीन महिन्यांत बदलायचीच. नव्या बाटलीबरोबर नवी डबी येते, ती कपाटात जमवून काय करायची?

अंघोळ, पोहणे, वॉटर पार्क, पावसात मोटारसायकल यांच्या आधी लेन्स काढा. पोहणाऱ्यांसाठी नंबरचे गॉगल मिळतात. चुकून पाणी गेलेच तर लेन्स लगेच काढा. एकाच दिवसापुरती असेल तर फेकून द्या, नाहीतर पूर्ण एक रात्र निर्जंतुक केल्याशिवाय घालू नका. परवडत असेल तर रोज नवी घालून रात्री फेकायची लेन्स घ्या. इंग्लंडमधील एका तुलनात्मक अभ्यासात पुन्हापुन्हा वापरायच्या लेन्समध्ये या संसर्गाचा धोका तिच्या जवळजवळ चौपट आढळला. पण तीच लेन्स दुसऱ्या दिवशी घातली तर फायदा गेला.

दोन गटांकडे दुर्लक्ष होते. केराटोकोनससाठी (बुबुळ पातळ होऊन शंकूसारखे पुढे येते, त्यासाठी) कडक लेन्स वापरणाऱ्यांना ती नळाखाली धुवायची सवय असते, ती मोडायला हवी. दुसरा गट वर्षातून चार वेळा रंगीत लेन्स घालणाऱ्यांचा. मागच्या लग्नापासून त्याच सोल्यूशनमध्ये पडलेली जोडी तशीच डोळ्यात घालू नका. उघडल्यानंतरची मुदत संपली असेल तर जोडी आणि बाटली दोन्ही टाकून द्या.

लक्षणे सुरुवातीला डोळे आल्यासारखीच वाटतात: लाली, पाणी, खुपणे, उजेड न सोसणे. डोळा दिसतो त्या मानाने फारच दुखणे ही खूण महत्त्वाची. अनेकदा हर्पिस सिम्प्लेक्स या (ओठांवर फोड आणणाऱ्या) विषाणूचा संसर्ग समजून उपचार सुरू होतात. बुबुळावरचे कडे दिसेपर्यंत काही आठवडे गेलेले असतात. औषधाच्या दुकानातून चिठ्ठीशिवाय आणलेले स्टेरॉइडमिश्रित थेंब तर घात करतात. लाली उतरते, बरे वाटते, आणि आत अमीबा फोफावतो. लेन्स वापरणाऱ्याचा डोळा लाल झाला की लेन्स काढायची आणि त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञ गाठायचा. विचारले नाही तरी 'मी लेन्स वापरतो' हे सांगायचे, आणि लेन्स, डबी, बाटली न धुता सोबत न्यायची. प्रयोगशाळेत पोषकद्रव्ये नसलेल्या अगारवर (जंतू वाढवायच्या जेलीवर) ई. कोलाय जिवाणूंचा थर देऊन नमुना ठेवतात. अमीबा असेल तर तो जिवाणू खात पुढे सरकल्याच्या वाटा सूक्ष्मदर्शकाखाली दिसतात. निदान पक्के झाले की पहिले दोन दिवस रात्रंदिवस दर तासाला थेंब घालावे लागतात. उशीर झाला तर बुबुळावर फूल पडते किंवा नेत्ररोपणाची वेळ येते.

भारतात या आजाराचे बहुतेक रुग्ण लेन्स न वापरणारे आहेत. चिखल, गढूळ पाणी, शेतातला मार ही त्यांची कारणे. म्हणून माती गेल्यानंतर दुखणारा शेतकऱ्याचा डोळाही थेंबांवर भागवू नये.

चष्म्याच्या दुकानदारांना एवढीच विनंती की डबीच्या झाकणावर 'पाणी लावू नये' असा मराठी स्टिकर चिकटवून द्या आणि पहिल्या दिवशी ग्राहकाकडून चोळणे, धुणे, डबी वाळवणे समोर करून घ्या. दहा मिनिटांचे काम आहे. आपणही लेन्सवरच्या लेखांत ही ओळ आवर्जून छापावी.

आपला,
एक ऑप्टोमेट्रिस्ट, सांगली

ता. क. : पाणी वर्ज्य या नियमाला एक अपवाद आहे. डोळ्यात चुना, ॲसिड किंवा फिनाइल गेले तर सोल्यूशन शोधत बसू नका. नळाखाली डोळा उघडा धरून किमान पंधरा-वीस मिनिटे धुवा, लेन्स सहज निघाली तर धुता धुता काढा, आणि तडक दवाखाना गाठा.