पूर्वपक्ष मांडायला शिकवणाऱ्या बाईंना

ठाणे

आदरणीय बाई,

सविनय नमस्कार.

हे पत्र आपल्या घरी न पाठवता सर्वांसमोर लिहीत आहे, याबद्दल प्रथम क्षमा मागते. समक्ष आभार मानू लागले की आपण विषय बदलता, हे त्याचे एक कारण. आणि नववी-दहावीला इंग्रजी शिकवणाऱ्या माझ्यासारख्या इतरांनाही आपण मला जे दिलेत ते उपयोगी पडेल, हे दुसरे.

दोन वर्षांपूर्वी मी नववीच्या वर्गाला इंग्रजीतून चर्चात्मक लेखनासाठी ‘ठाणे स्टेशनबाहेर फेरीवाल्यांना बसू द्यावे का?’ हा विषय दिला होता. आधी प्रश्न, मग बाजूचे मुद्दे, मग विरोधातले आणि शेवटी निष्कर्ष, असा साचा फळ्यावर काढून दिला आणि शेजारी ‘हाउएव्हर’, ‘मोअरओव्हर’, ‘ऑन द अदर हँड’ हे जोडशब्द लिहिले. ४२ वह्या आल्या. जवळजवळ प्रत्येकीत तीन मुद्दे बाजूने, तीन विरोधात आणि अखेरीस ‘दोन्ही बाजू महत्त्वाच्या आहेत’ अशा अर्थाचे एक वाक्य होते. मुलांना समतोल लेखन जमले, अशा समाधानात मी त्या वह्या आपल्याकडे घेऊन आले.

आपण त्यांतली एक वही बाजूला काढलीत आणि विचारलेत, “हिच्या घरी काय करतात?” तिची आई स्टेशनजवळच भाजी विकते, हे मला ठाऊक होते. तरीही फेरीवाल्यांच्या बाजूने तिने लिहिलेली तीन वाक्ये, म्हणजे वस्तू स्वस्त मिळतात, वेळ वाचतो, रोजगार मिळतो, ही वर्गातल्या कोणाच्याही वहीत शोभली असती. पहाटे माल आणणे, टोपली उचलून पळणे, जप्त झालेला माल सोडवणे, यांतले काहीच तिने लिहिले नव्हते. ते शाळेत चालणारे इंग्रजी नव्हे, अशी तिची समजूत झाली होती आणि ती माझ्या साच्यामुळेच झाली होती. आपण तेव्हा इतकेच म्हणालात की, इथे पूर्वपक्ष मांडलाच गेलेला नाही.

पूर्वपक्ष हा शब्द मी महाविद्यालयात ऐकला होता, पण इंग्रजीच्या तासाला त्याचा उपयोग असेल असे कधी मनात आले नव्हते. आपल्याकडच्या जुन्या शास्त्रग्रंथांत समोरच्याचे म्हणणे आधी पुरतेपणी मांडायचे आणि मगच उत्तरपक्षाकडे, म्हणजे आपल्या उत्तराकडे, वळायचे, ही रीत आपण मला समजावून सांगितलीत आणि तिच्यातून वर्गासाठी एक साधा नियम काढून दिलात: ज्या बाजूचा परिच्छेद लिहिला असेल, तो त्या बाजूच्या माणसाला वाचून दाखवायचा, आणि ‘हो, हेच माझे म्हणणे आहे’ असे तो म्हणेपर्यंत परिच्छेद अपुरा समजायचा.

त्यानंतरचे सहा शनिवार आपण गुडघेदुखी असूनही तीन जिने चढून वर्गावर आलात. मुले फेरीवाल्यांशी बोलली, लोकल पकडायला धावणाऱ्या आपल्याच आईवडिलांशी बोलली, काठी टेकत चालणाऱ्या एका आजोबांशीही बोलली. आपण त्यांना पुरावा शोधायला लावलात. एका गटाला २०१४ चा पथविक्रेत्यांचा कायदा सापडला. शहरातल्या विक्रेत्यांची पाहणी पूर्ण होईपर्यंत विक्रेत्याला हटवता येत नाही आणि शहर विक्रेता समितीत किमान ४० टक्के प्रतिनिधी विक्रेत्यांचे असावेत, असे त्यात आहे. दुसऱ्या गटाने २०१७ मध्ये एल्फिन्स्टन रोड स्थानकाच्या पुलावरील चेंगराचेंगरीनंतर मुंबई उच्च न्यायालयाने स्थानकापासून १५० मीटरच्या आत फेरीवाल्यांना केलेली मनाई आणली. दोन्ही गोष्टी खऱ्या असून दोन्ही एकाच रस्त्याला लागू आहेत, हे लक्षात आल्यावर वर्ग बराच वेळ गप्प होता. ती शांतता मला अजून आठवते.

भाषेच्या अंगाने मला सर्वाधिक लाभ झाला तो आपल्या ‘जरी-तरी’च्या तासाचा. आमची मुले ‘ऑल्दो’ने वाक्य सुरू करतात आणि मधे हमखास ‘बट’ घालतात, कारण मराठीत ‘जरी’मागून ‘तरी’ येतेच. मी वर्षानुवर्षे त्यावर नुसती लाल रेघ ओढत होते. आपण आधी मराठी वाक्येच लिहायला सांगितलीत: ‘जरी ते वाट अडवतात, तरी त्यांच्यामुळे संध्याकाळी ताजी भाजी मिळते’, आणि मग त्याचीच उलटापालट. माहिती तीच, पण ‘तरी’नंतर जे येते तिकडे वाक्याचे पारडे झुकते, हे मुलांनी स्वतः ओळखले, इंग्रजीतही तो भार मुख्य वाक्यावर पडतो, हे मग वेगळे सांगावे लागले नाही आणि ‘बट’ही आपोआप गळला. त्याच तासाला एका मुलाने विचारले की, फेरीवाले ‘क्लेम’ करतात आणि प्रवासी ‘पॉइंट आउट’ करतात असे आम्ही सगळ्यांनी का लिहिले. क्रियापदातूनही पक्षपात होतो, ही गोष्ट माझ्या आधी त्याच्या ध्यानात आली, याचे श्रेय आपल्याला आहे.

निष्कर्षाबद्दल मात्र माझे मत आपल्यापेक्षा थोडे वेगळे आहे. विद्यार्थ्याने शेवटी स्वतःची भूमिका घेतलीच पाहिजे, असे आपण म्हणता; मला वाटते, नववीच्या मुलाने ‘अमुक अटीवर’ असे लिहून थांबणेही प्रामाणिक असू शकते. यावर आपण पुन्हा बोलू.

भाजीवाल्या आईच्या त्या मुलीने विरोधातला परिच्छेद काठीवाल्या आजोबांना वाचून दाखवला आणि बाजूचा तिच्या आईला, मराठीत उलगडून. आईने एकच दुरुस्ती सुचवली: ‘आम्ही रस्ता अडवत नाही’ हे वाक्य काढ, आम्ही अडवतो, पण आम्हाला दुसरी जागा कुठे दिली ते लिही. ते वाक्य बदललेले पान मी मुलीची आणि तिच्या आईची परवानगी घेऊन आपल्यासाठी उतरवून ठेवले आहे. येत्या शनिवारी घेऊन येते.

आपली नम्र,
नववीची इंग्रजी शिक्षिका