पाच सेंटांच्या खाचेत अडकलेले हॉटेल

मा. संपादक,
स. न. वि. वि.

अमेरिकेतल्या नामशेष झालेल्या रेस्टॉरंट-साखळ्यांवरचा आपल्या रविवार पुरवणीतला लेख वाचला. नारिंगी छपरे, संगमरवरी टेबले, काचेच्या कप्प्यातले अ‍ॅपल पाय, सगळे आठवणीने आले आहे. पण लोकांची आवड बदलली म्हणून ही हॉटेले गेली, एवढ्यावर विषय मिटवलेला पटला नाही. त्यांच्या मरणाची कारणे चवीपेक्षा यंत्रात, करारात आणि हिशेबाच्या वहीत सापडतात.

'हॉर्न अँड हार्डार्ट' या साखळीच्या ऑटोमॅटला, म्हणजे नाणे टाकून कप्प्यातून पदार्थ घ्यायच्या हॉटेलाला, लेखात नोकरांशिवाय चालणारे हॉटेल म्हटले आहे. तसे ते कधीच नव्हते. पहिले ऑटोमॅट 1902 मध्ये फिलाडेल्फियात जर्मनीहून आणलेल्या यंत्रांवर सुरू झाले, न्यूयॉर्कमधले पहिले 1912 मध्ये टाइम्स स्क्वेअरला. काचेच्या गल्ल्यात बसलेली बाई डॉलर घेई आणि वीस निकेल, म्हणजे पाच सेंटांची नाणी, नुसत्या बोटांच्या अंदाजाने पुढे सरकवी. नाणे कप्प्याच्या खाचेत टाकायचे, शेजारची फिरती मूठ वळवायची, छोटे दार उघडले की बशी उचलायची. भिंतीपलीकडे मात्र माणसे उभी असत. कप्प्यांचा उभा पिंप आपल्याकडे फिरवून रिकामे खण भरणे हे त्यांचे काम. वाढपी नव्हते, इतकेच. मुख्य स्वयंपाक एका मध्यवर्ती भटारखान्यात होई आणि तिथून गाड्यांनी शाखांमध्ये जाई. त्यामुळे कुठल्याही शाखेत बीन्स किंवा मॅकरोनी-चीज घ्या, चव तीच.

कॉफी डॉल्फिनच्या तोंडाच्या तोटीतून मापाने पडे. नियम असा, की तयार होऊन वीस मिनिटे झालेली कॉफी फेकून द्यायची. नियम उत्तम, पण तोटीपुढे रांग असेल तोवरच तो परवडतो. रांग ओसरली की फेकलेल्या कॉफीचा खर्च उरलेल्या प्रत्येक कपावर चढतो.

आणि खरी मेख होती ती खाचेत. खाच निकेलसाठी घडवलेली. दूध, साखर, कॉफीचे दाणे महागले म्हणून सहा किंवा सात सेंट घेण्याची सोयच नव्हती. कंपनीने बराच काळ तोटा सोसला आणि 1950 मध्ये कॉफी एकदम दहा सेंट केली. गिऱ्हाईक दुप्पट भावावर नाराज झाले यात नवल नाही. छापील मेनूकार्ड असते तर दर वर्षी एकेक सेंट चढवता आला असता आणि फारशी कुणी दखलही घेतली नसती. त्याच सुमारास मध्यमवर्ग उपनगरांकडे निघाला, संध्याकाळचे जेवण घरी होऊ लागले, आणि शहरातल्या मोक्याच्या कोपऱ्यांवरची प्रचंड दालने दुपारच्या दोन तासांच्या गर्दीवर चालवावी लागली. पुढे कंपनीने स्वतःच आपल्या कित्येक जागांवर 'बर्गर किंग' उघडली. शेवटचे ऑटोमॅट 1991 मध्ये बंद झाले.

नारिंगी छपरांच्या 'हॉवर्ड जॉन्सन्स' या साखळीची गोष्ट वेगळी. 1925 मध्ये मॅसॅच्युसेट्समधल्या क्विन्सीतल्या एका औषधांच्या दुकानापासून सुरुवात, भरपूर स्निग्धांशाचे आइस्क्रीम, पुढे त्याचे 28 स्वाद. लेखात तळलेल्या शिंपल्यांचा उल्लेख ओझरता आहे. खरे तर त्या साखळीचे सगळे डोके त्या एका पदार्थात दिसते. अख्ख्या शिंपलीचा पोटाचा भाग लवकर नासतो, त्यात वाळू राहते आणि तो तळताना आतबाहेर सारखा होत नाही. म्हणून तो वगळून मोठ्या समुद्री शिंपलीच्या मांसल पायाच्या पट्ट्या वापरल्या. पट्ट्या गोठवता येतात, लांब पाठवता येतात, आणि नवशिक्या आचाऱ्याच्याही हातून एकसारख्या तळल्या जातात. समुद्र न पाहिलेल्या गावांत शिंपले खपले ते यामुळे. किनाऱ्यावरचे खवय्ये पोटाशिवायच्या शिंपल्याला नाक मुरडतात, आणि चवीपुरते ते खरेच आहे.

1960 मध्ये पिएर फ्राने आणि जाक पेपँ हे दोन फ्रेंच आचारी या कंपनीत आले. त्यांनी मार्गारिनऐवजी लोणी आणि सुकवलेल्या कांद्याऐवजी ताजा कांदा आणला. कारखानी स्वयंपाक सुधारता येतो हे तिथे सिद्ध झाले होते. पण संस्थापकाच्या मुलाच्या कारभारात खर्चाला कात्री लागली, आणि ती पहिल्यांदा लागते ती याच लोण्याकांद्याला. त्यात धंदा मोटारीच्या प्रवाशांवर. 1940 मध्ये पेनसिल्व्हेनिया टर्नपाइक या टोलच्या महामार्गावर जेवण देण्याचा मक्ता मिळाला तेव्हा हेच बळ होते. 1973 च्या तेलटंचाईत मोटारी थांबल्या तेव्हा तेच अंगाशी आले. दुसरीकडे मॅकडोनाल्ड्सच्या आखूड यादीपुढे यांची लांबलचक यादी आणि टेबलावर वाढण्याची पद्धत महागात पडत होती.

शेवट मात्र खरेदी-विक्रीने केला. ब्रिटनच्या 'इंपीरियल ग्रुप'ने 63 कोटी डॉलर मोजून घेतलेली कंपनी 1985 मध्ये 'मॅरियट' या हॉटेल-कंपनीला 31.4 कोटींना गेली. मॅरियटने साखळीची मोटेले, म्हणजे मोटारीच्या प्रवाशांसाठीची मुक्कामाची हॉटेले, आणि नाव लगोलग दुसऱ्या कंपनीला विकले आणि रेस्टॉरंटांच्या जागा स्वतःकडे ठेवल्या. नाव एकाकडे, तवा दुसऱ्याकडे. परवानाधारकांची मोजकी रेस्टॉरंटे तग धरून राहिली, त्यांतले शेवटचे, न्यूयॉर्क राज्यातल्या लेक जॉर्जचे, 2022 मध्ये बंद झाले.

लेखात ही साखळी अजून चालू असल्याचे सूचित होते, ते बहुधा मोटेलांवरची पाटी पाहून. पाटी खरी आहे, पण तिथे 28 स्वाद विचारू नयेत.

आपला,
एक वाचक