मोठ्यानं बोलत चाल

चि. मुक्ता हिस अनेक आशीर्वाद.

काल फोनवर आपल्या दोघींचाही आवाज चढला. तू म्हणालीस, ‘परवाना हातात आहे, रजा मंजूर आहे, बरोबरच्या त्या दोघी आता येत नाहीत म्हणून मी का थांबू?’ त्यावर मी जे बोलले त्यातलं निम्मं तुला ऐकू गेलं नसेल, तोवर तू फोन ठेवला होतास. म्हणून लिहिते आहे.

जाऊ नकोस असं या पत्रात कुठेही लिहायचं नाही, असं ठरवून बसले आहे. अमेरिकेतल्या यलोस्टोन उद्यानाच्या आतल्या रानात, लामार नदीच्या काठानं चालत जायचं हे तुझ्या मनात किती वर्षांपासून आहे ते मला ठाऊक आहे. दादाच्या घरी तू तो नकाशा जमिनीवर पसरून बसायचीस आणि मनूमावशीला त्यावर पाय पडू द्यायची नाहीस. तेव्हा जा. फक्त एक गोष्ट ऐक.

तू चालताना आवाज करत नाहीस.

टाच न आपटता पाऊल कसं टाकायचं, वाळक्या पानावरून जाताना वजन कसं हळूहळू सोडायचं, हे बाबांनी तुला मेळघाटात शिकवलं. तुम्ही दोघं सकाळी निघायचात आणि परत आलात की दाराशी येऊन उभे राहीपर्यंत मला चाहूल लागायची नाही. बाबांना त्याचं फार कौतुक होतं. ‘हिच्या पुढ्यात रानगवासुद्धा मान वर करत नाही’, हे त्यांनी येईल त्याला सांगितलं. घरातही तू तशीच. पाहुणे आले की विचारायचे, मुलगी बाहेर गेलीय का? आणि तू आतल्या खोलीत पुस्तक घेऊन बसलेली असायचीस.

ग्रिझली अस्वलाच्या मुलखात नेमकं हेच नको आहे, मुक्ता. मी रोज रात्री वाचत बसते, उद्यानाच्या सूचना आता मला पाठ झाल्या आहेत. माणसाला मारायचं म्हणून अस्वल क्वचितच येतं. बहुतेक वेळा ते खाण्यात गुंग असतं, नाहीतर पिल्लं जवळ असतात, आणि माणूस एकदम पुढ्यात येऊन ठाकतो. त्या दचकण्यातून सगळं होतं. माणूस येतोय हे लांबूनच कळलं तर बहुतेक अस्वलं आपणहून बाजूला होतात, आपल्याला दिसतसुद्धा नाहीत. म्हणून तिथे तीन किंवा जास्त जणांनी मिळून चाला असं सांगतात. तिघं असली की बोलणं आपोआप होतं. तू एकटी असशील तर बोलशील कुणाशी?

मला हेच म्हणायचं होतं काल. तू समजलीस की मी तुझ्यावर अविश्वास दाखवते आहे.

नदीकाठची वाट आहे, म्हणजे पाण्याचा आवाज असणार, त्यात तुझी चाहूल बुडून जाईल. वारा समोरून येत असेल तर तुझा वासही पुढे जाणार नाही. वळणं, झुडपं, उताराच्या माथ्यावरची जागा, जिथं पलीकडचं दिसत नाही तिथं आधीपासूनच ओरड, टाळ्या वाजव. बुटाला किंवा पिशवीला घुंगरू बांधतात ना, त्यावर भिस्त ठेवू नकोस, तो आवाज पुरेसा लांब जात नाही. माणसाचा आवाजच लागतो. काय बोलायचं सुचलं नाही तर पाढे म्हण. एकोणतीसचा म्हण, तो तुला बाबांनी झोपेतून उठवून विचारला तरी यायचा. मराठीत म्हटलेलं चालतं. आणि कानात ते इअरफोन घालू नकोस.

तू सांगशील की मला अनुभव आहे. आहेच. २०१५ साली त्याच उद्यानात ज्या माणसाला अस्वलानं मारलं, तोही नवखा नव्हता. तिथं अनेक हंगाम काम केलेला, रानात चालायची सवय असलेला माणूस. एकटाच चालत होता, आणि त्याच्याजवळ अस्वलावर मारायचा मिरचीचा स्प्रे नव्हता. २०११ साली दोघं गेले, त्यातला दुसराही एकटाच होता. वाचून झाल्यावर मी दिवा मालवला, आणि मग पुन्हा लावला.

हेही लिहिते, नाहीतर तू म्हणशील आई फक्त वाईट तेवढं वेचून काढते. १८७२ साली ते उद्यान झालं, तेव्हापासून इतक्या वर्षांत अस्वलांनी मारलेली माणसं आठ. तिथल्या पाण्यात बुडून गेलेली त्याहून कितीतरी जास्त. तेव्हा नदी ओलांडताना... नाही, नदीचं आत्ता काढत नाही.

तू सप्टेंबरात निघाली आहेस. अस्वलं तेव्हा थंडीतल्या झोपेआधी दिवसरात्र खात सुटलेली असतात. भूक इतकी की आसपासचं भान कमी. शिवाय मेलेल्या एल्कवर, म्हणजे तिथल्या मोठ्या हरणावर, किंवा बायसनवर ग्रिझली बसलं असेल तर ते ती जागा सोडत नाही, आणि जवळ येणाऱ्यावर धावून जातं. कावळे-डोमकावळे एका जागी घिरट्या घालताना दिसले, किंवा कुजका वास आला, तर काय आहे ते बघायला जायचं नाही. आल्या वाटेनं मागे. तुझा स्वभाव मला माहीत आहे, तू बघायला जाशील. बाबाही गेले असते. पहाटे आणि संध्याकाळी अंधुक उजेडात चालू नकोस, सूर्य वर आल्यावर निघ, दिवस असताना तळावर पोच.

खाण्याचं तुला सांगायची गरज नाही. उंच आडव्या खांबाला जमिनीपासून १० फूट वर टांगायचं, तंबूपासून १०० यार्डांवर शिजवायचं आणि खायचं, हे तू त्या बाकीच्यांनासुद्धा समजावलं होतंस. फक्त दात घासायची पेस्ट, ओठांना लावायचं मलम, गोळ्यांचा डबा, हेही त्या पिशवीतच. गोळ्या उशाशी ठेवायची तुला सवय आहे. आणि ज्या कपड्यांत स्वयंपाक केलास त्या कपड्यांत झोपू नकोस.

स्प्रे विमानातून नेऊ देत नाहीत, हातातल्या सामानात नाही आणि खाली टाकायच्या सामानातही नाही, म्हणून उतरल्यावर पहिलं काम ते. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेची (EPA) नोंदणी त्यावर छापलेली असते, ती बघून घे. माणसांवर मारायचा मिरचीचा छोटा फवारा अस्वलाला पुरत नाही. आणि तो पाठीवरच्या पिशवीत नको ग. कमरेला किंवा छातीच्या पट्ट्याला, एका हातानं ओढता येईल असा. ग्रिझली तासाला ५५ किलोमीटरच्या वेगानं येतं, तेव्हा पिशवीची चेन उघडायला वेळ कुठला? वाटेला लागण्याआधी स्प्रेची सुरक्षेची खीळ काढायचा सराव कर, डोळे मिटून कर, चार-पाचदा नाही, हाताला वळण पडेपर्यंत. अंगावर येत असेल तर तीसेक फुटांवर असताना मार, नळी किंचित खाली धरून, म्हणजे ढग त्याच्या तोंडासमोर उभा राहील.

पळू नकोस. झाडावर चढू नकोस. लांब असेल आणि त्यानं पाहिलं नसेल तर गुपचूप मागे फिर. पाहिलं असेल तर शांत आवाजात बोलत, त्याच्याकडे तोंड ठेवून मागे सरक. कधी कधी ते नुसतं घाबरवायला धावतं आणि अर्ध्यावरून वळतं, तेव्हा जागेवर उभं राहायचं. कसं राहायचं ते मला माहीत नाही, पण राहायचं. ग्रिझलीनं अंगाला हात घातलाच तर पालथं पडायचं, पिशवी पाठीवरच ठेवायची, दोन्ही हात मानेमागे गुंफायचे, पाय फाकवायचे म्हणजे ते उलथवू शकणार नाही, आणि ते निघून गेल्यावरही बराच वेळ हलायचं नाही. काळं अस्वल असेल तर मात्र मेल्याचं सोंग करायचं नाही, दगड-काठी जे मिळेल ते घेऊन तोंडावर मारायचं. रात्री तंबूत शिरलेलं कोणतंही अस्वल असो, तिथंही लढायचंच. रंगावरून ओळखू नकोस, काळी म्हणतात ती तपकिरीही असतात. खांद्यावरचा उंचवटा बघ, तो ग्रिझलीला असतो.

बघ, एवढं सगळं तुला शाळेतल्या बाईंसारखं लिहून काढलं. उद्यानात पोचलीस की तिथली माणसं हेच सांगणार आहेत, आणि तुला हे माझ्याआधीपासून पाठ आहे. रागावू नकोस. लिहिलं की ते तुझ्या हातात दिल्यासारखं वाटतं.

क्वार्टरच्या मागे राहणारे ते काका आठवतात का? मोहफुलं वेचताना अस्वलानं ज्यांचा अर्धा चेहरा नेला होता. इतर मुलं त्यांना बघून लपायची. तू सहा-सात वर्षांची असशील, सरळ जाऊन विचारलंस, ‘अजून दुखतं का?’ त्यांनी तुला जवळ बसवून सांगितलं की खाली मान घालून फुलं वेचणारा माणूस आणि खाली मान घालून फुलं खाणारं अस्वल एकमेकांना दिसतच नाहीत. त्यानंतर त्यांच्या घरातल्या बाया पहाटे मोहाखाली जायच्या त्या मुद्दाम मोठमोठ्यानं बोलत, खोकत जायच्या. तू अंथरुणातून ऐकायचीस आणि मला सांगायचीस, ‘निघाल्या.’ अस्वलाची जात वेगळी, देश वेगळा, पण त्या बायांना जे कळलं होतं तेच तिथल्या रेंजर लोकांनी लिहून ठेवलंय. तू त्या घरात जाऊन बसलीस, मी मात्र त्या काकांकडे कधी नीट बघितलंही नाही. तुझ्यातलं हे धाडस माझ्याकडून आलेलं नाही, आणि मला त्याचा इतका अभिमान आहे की काल तो सांगायचा सोडून मी ओरडत बसले.

अमेरिकेतल्याच ग्लेशियर उद्यानात १९६७ च्या ऑगस्टमध्ये एकाच रात्री दोन वेगवेगळ्या ठिकाणी ग्रिझलींच्या हल्ल्यात दोन मुली गेल्या, दोघीही एकोणीस वर्षांच्या. त्याआधी त्या उद्यानात ग्रिझलीनं कुणाला मारलं नव्हतं. एका ठिकाणी पाहुण्यांना अस्वलं बघायला मिळावीत म्हणून उरलंसुरलं अन्न बाहेर टाकलं जायचं, दुसरीकडचं अस्वल तळांवर येऊन सामान उचकायला सोकावलं होतं. त्या रात्रीनंतर तिथला कचरा, अन्न, तळ यांचे नियम बदलले. तू जे खांबाला टांगतेस ते त्या मुलींमुळे. हे लिहायचं नव्हतं. त्यांच्या आयांचं काय झालं असेल, हा विचार जात नाही, म्हणून लिहिलं गेलं.

मुक्ता, बरोबर यायला कुणी मिळतंय का एकदा बघशील? तुझ्या ऑफिसमधला तो उंच मुलगा, जो गेल्या वर्षी तुमच्याबरोबर आला होता आणि अखंड बडबडतो म्हणून तू वैतागली होतीस. त्याला विचार. अशा ठिकाणी अखंड बडबडणारं माणूस सोन्यासारखं. नाही जमलं तर नाही जमलं, मी पुन्हा विषय काढणार नाही.

एकटीच निघालीस तर परवान्यावरच्या दोन्ही तळांची नावं आणि परतायचा दिवस मला आणि दादाला पाठव. आत फोन लागत नाही हे मला कळतं, तेव्हा मध्ये काही आलं नाही तर मी कुणाला त्रास देणार नाही. पण रविवारी संध्याकाळपर्यंत तुझा निरोप आला नाही, तर मी उद्यानाला फोन करणार, तू कितीही चिडलीस तरी.

तुझी,
आई

ता. क. स्प्रे उन्हात उभ्या गाडीत ठेवू नकोस, तापला तर फुटतो. त्यावर मुदतीची तारीख असते, विकत घेतानाच बघ.