तसबीर शेवटच्या रांगेपर्यंत दिसली पाहिजे

संपादक महोदय,

दोन तासांत बसवलेला ‘संगीत संशयकल्लोळ’चा एक प्रयोग नुकताच पाहिला. गायन सुरेख होते, ऑर्गन-तबल्याची साथही तोलामोलाची होती. तरीही मध्यंतरात शेजारच्या तरुणीने मला विचारले, ‘‘ती तसबीर नेमकी कोणाची, आणि यांच्याकडे आली कशी?’’ हा प्रश्न ऐकून मी अस्वस्थ झालो, कारण या नाटकात प्रेक्षकाला सगळे ठाऊक असते आणि पात्रांना काहीच ठाऊक नसते, यावरच तर सारे हसू उभे आहे.

मोलिएरच्या १६६० च्या प्रहसनावरून आर्थर मर्फी यांनी १७६१ मध्ये इंग्रजी नाटक लिहिले आणि त्यावरून गोविंद बल्लाळ देवलांनी आधी गद्य नाटक रचले. त्याचे नाव ‘फाल्गुनराव अथवा तसबिरीचा घोटाळा’ असे होते. गंधर्व नाटक मंडळीने १९१६ साली ते पदांसह रंगभूमीवर आणले, तेव्हा नाव बदलले, पण घोटाळा तोच राहिला. भोवळ आलेल्या रेवतीला फाल्गुनराव सावरतात, ते त्यांची पत्नी कृत्तिका पाहते. रेवतीच्या हातून पडलेली, तिचा प्रियकर अश्विनशेठ याची तसबीर कृत्तिकेला सापडते. ती तसबीर न्याहाळत असलेल्या कृत्तिकेला फाल्गुनराव पाहतात. आणि पुढे तीच तसबीर फाल्गुनरावांच्या हाती दिसल्यावर अश्विनशेठच्या मनात रेवतीविषयी किल्मिष येते. प्रत्येकाने पाहिलेले खरेच असते, चुकतो तो त्याचा अर्थ. या साखळीतली एक कडी निखळली, तरी पुढचा सगळा संशय उगाच घातलेला वाटतो.

मी पाहिलेल्या प्रयोगात भोवळीचा प्रसंग निवेदकाच्या चार वाक्यांत उरकला होता आणि तसबीर इतकी लहान होती की दहाव्या रांगेतून नटाच्या मुठीत काही आहे एवढेच कळत होते. त्याच वेळी एकेका पदावर दहा-दहा मिनिटे आलापी चालली होती. पदे मलाही प्राणप्रिय आहेत. परंतु बालगंधर्वांच्या रेवतीसमोर गणपतराव बोडसांचा फाल्गुनराव तितक्याच ताकदीने उभा होता आणि ती भूमिका संवादांवर पेललेली होती, हे संपादन करणाऱ्यांनी विसरू नये. फाल्गुनरावांना विदूषकी चाळे करायला लावणे हीदेखील मोठी चूक आहे. तो गृहस्थ मनापासून जळत असतो, म्हणूनच आपल्याला हसू येते.

वेळ कमी असल्यास निर्मात्यांनी ताना आवराव्यात, वन्समोअर टाळावेत, पण पहिल्या अंकातील गद्याला कात्री लावू नये. भोवळीचा प्रसंग रंगमंचाच्या मध्यभागी, पूर्ण उजेडात आणि सावकाश घडू द्यावा, आणि तसबीर निदान वीतभर तरी असावी.

आपला,
एक नाट्यरसिक वाचक