स्लो कुकर, कच्चे बटाटे आणि हरवलेली शिट्टी

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग

विषय : स्लो कुकर 'लो'वर तापत नाही. तक्रार चौथ्यांदा.

आत्ताच तुमच्या कॉल सेंटरने फोन ठेवला. आपटला म्हणणार नाही, "अजून काही मदत करू शकते का मॅडम?" असं विचारून ठेवला. आधीची मदत कुठली, ते विचारायचं राहून गेलं.

यंत्र तुमचं, पुस्तिका तुमची, पान ११ वरचं बटाट्याचं सूपही तुमचंच. १ किलो बटाटे, २ कांदे, लसूण, ४ कप पाणी, 'लो'वर ८ तास, दूध शेवटच्या अर्ध्या तासात. मी काडीची अक्कल चालवली नाही. फोडी बेताच्या केल्या, तळाशी पाण्यात बुडवल्या. आंबटाने बटाटा शिजायला अडतो म्हणून टोमॅटोचं नावही काढलं नाही. सकाळी साडेसातला बटण लावून कोपरखैरण्याहून ठाण्याची गाडी पकडली. सासूबाईंनी त्याच आठवड्यात दोन दाढा काढल्या होत्या, सूप त्यांच्यासाठीच होतं. त्यांना बजावून गेले, झाकण उघडायचं नाही; एकदा उघडलं की अर्ध्या तासाची वाफ जाते. त्यांनी उघडलं नाही. दुपारी ऑफिसात फोन मात्र आला, "अगं, हे चालू आहे की नुसतं बसलंय?"

साडेसहाला घरी आले. अकरा तास झाले होते. सुरी घातली तर फोड करकर वाजली. पाणी आंघोळीला बरं पडलं असतं. सगळं ओतून दिलं.

पुढच्या रविवारी नुसतं पाणी ठेवून थर्मामीटर लावला. सहा तासांनी ५४ अंश. ६० च्या खाली तासन्‌तास राहिलेलं अन्न म्हणजे जंतूंची पंगत, आणि एवढ्याशा उष्णतेत बटाटा मऊ होत नाही, उलट घट्ट होतो. हे तुम्हाला मी सांगायचं?

तुमचा टेक्निशियन आला, दिवा लागलेला बघितला, 'मशीन ओके' लिहून सही घेऊन गेला. भांड्याला हातसुद्धा लावला नाही. दिवा लागतो हो. दिवाच हवा असता तर समई होती घरात.

आता आजचा फोन. शब्द न्‌ शब्द लिहिते, कारण कॉल रेकॉर्ड होतो असं तुम्हीच सांगता.

"बटाटे शिजले नाहीत, बरोबर मॅडम? किती शिट्ट्या घेतल्या होत्या?"
"हा स्लो कुकर आहे."
"हो मॅडम, कुकरच. किती शिट्ट्या?"
"याला शिट्टी नसते."
बराच वेळ टाइप केल्याचा आवाज. मग, "ओके मॅडम, शिट्टी हरवली अशी नोंद केली आहे. शिट्टी वॉरंटीत कव्हर होत नाही."

पाच मिनिटांत मेसेज आला : शिट्टीसंबंधी आपली तक्रार निकाली काढण्यात आली आहे.

त्या मुलीवर माझा राग नाही. तिला समोर जे लिहून दिलंय ते ती वाचते. लिहून देणाऱ्याने हे यंत्र आयुष्यात पाहिलेलं नाही, आणि तो तुमच्याच पगारावर आहे. झाकण उघडलं नव्हतं, हे पुन्हा सांगते, कारण याआधी तिन्ही वेळा तेच विचारलं गेलं.

माझ्या लग्नात आलेली तुमची इस्त्री अजून चालते. त्या भरवशावर हा घेतला. चूक माझी.

सात दिवसांत पूर्ण पैसे परत हवेत. दुरुस्ती नको, कूपन तर नकोच. नाहीतर ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ नंबरवर नोंद करीन आणि जिल्हा ग्राहक आयोगात जाईन. २०१९ च्या कायद्याने मी राहते तिथेच तक्रार करता येते, आणि एवढ्याशा रकमेला शुल्कही पडत नाही. बिल, ५४ अंशाचा फोटो आणि तुमचा तो शिट्टीचा मेसेज, तिन्ही जोडले आहेत.

तुमची (आजपुरती) ग्राहक,
कोपरखैरणे, नवी मुंबई

ता. क. : त्याच पिशवीतल्या बटाट्यांचं सूप शेवटी साध्या प्रेशर कुकरमध्ये केलं. शिट्ट्या तीन. तुमच्या नोंदीत भरून घ्या.